ऐन उन्हाळ्यात मराठवाड्यातून कोकणात: किनाऱ्यावरच्या हवामानाचा अंदाज कसा वाचायचा

परीक्षा आटोपल्या की आमच्या लातूर-नांदेडकडच्या घरांत कोकणाचा विषय निघतो. कुणाला गणपतीपुळ्याला जायचं असतं, कुणाला मालवणला. शिवाय पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, नाहीतर ग्रामसेवक, तलाठी म्हणून नोकरीला असतं. सुट्टीत बायको-मुलं, आई-वडील सगळे त्याच्याकडं निघतात. मी गुहागर तालुक्यात शिक्षक होतो, आंतरजिल्हा बदलीनं गावाकडं आलो. त्यामुळं एप्रिल लागला की ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, इकडं बेचाळीस चालू आहे, तिकडं तर तेहेतीसच दाखवतंय. मग गारच असंल की?"

गार नसतं. तेहेतीस हा आकडा खरा असतो, पण त्यावरून किनाऱ्यावरच्या दिवसाचा अंदाज येत नाही. आपण मराठवाड्यातली माणसं लहानपणापासून उन्हाळा कमाल तापमानावर मोजत आलो. किनाऱ्यावर तो हवेतल्या ओलाव्यावर, वाऱ्याच्या दिशेवर आणि समुद्राच्या स्थितीवर मोजायचा असतो. ही माहिती रोज प्रसिद्ध होते, मराठीतही मिळते, फुकट असते. कुठं बघायची आणि कशी वाचायची, ते ओळीनं सांगतो.

निघण्याआधी जवळ काय असावं

- फोनमध्ये हवामान विभागाचं 'मौसम' अ‍ॅप आणि विजांसाठी 'दामिनी'. दामिनी आपल्याकडं बऱ्याच शेतकऱ्यांच्या फोनमध्ये असतंच, ते काढू नका.
- आपत्तीच्या सूचनांसाठी 'सचेत' अ‍ॅप.
- तिथी दिसेल असं कुठलंही पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका. ती समुद्रासाठी लागते, पुढं सांगतो.
- ओआरएसची पाकिटं, माणशी दोन-तीन तरी. म्हाताऱ्या माणसांची रक्तदाबाची, साखरेची नेहमीची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
- सैल, पातळ सुती कपडे, नेहमीपेक्षा जास्त जोड. ते का, हे आर्द्रतेच्या भागात येईल.
- बॅटरी आणि चार्ज केलेली पॉवर बँक. मेअखेरच्या वळवात वीज जाते आणि झाड तारांवर पडलं असेल तर लवकर येत नाही.
- सगळ्यांची ओळखपत्रं. खोली घेताना लागतात.

१. आधी महिना ठरवा, मग गाव

कोकणातला उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत एकसारखा नसतो.

मार्चमध्ये किनाऱ्यावर कधीकधी एप्रिल-मेपेक्षा जास्त तापमान चढतं. आपल्याकडच्या माणसाला हे खरं वाटत नाही. त्या दिवसांत पूर्वेकडून, म्हणजे देशावरून कोरडं गरम वारं सह्याद्री उतरून खाली येतं आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतं. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. भिरा सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, किनाऱ्यावर नाही, पण जिल्हा मात्र अलिबागचाच.

एप्रिलच्या मध्यापासून वाऱ्याची घडी बसते. पारा ३२ ते ३४ च्या आसपास राहतो आणि दमटपणा चढत जातो. मेचा पहिला पंधरवडा आंब्याचा, गर्दीचा आणि सगळ्यात घामाचा.

२० मेनंतर बेत आखणार असाल तर पावसाचा हिशोब धरा. केरळात मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख १ जून आणि मुंबईची ११ जून. रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्या दोन्हींच्या मधे येतात. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला, दुसऱ्याच दिवशी दक्षिण कोकणात शिरला आणि २६ मेला मुंबईत पोचला. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या खोल्या ज्यांनी घेऊन ठेवल्या होत्या, त्यांनी सुट्टी पत्र्यावरचा पाऊस ऐकत काढली.

आणखी एक गोष्ट. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि जलक्रीडा २५-२६ मेच्या सुमारास बंद होतात, त्या थेट ३१ ऑगस्टनंतर सुरू होतात. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. मेअखेरीस होड्या वर ओढून नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या दिसल्या तर समजा, तिथल्या माणसांच्या लेखी उन्हाळा संपला. म्हाताऱ्यांना किल्ला दाखवायचा असेल तर मेच्या मध्याच्या आत जाऊन या.

२. अंदाज कुठला आणि कुठल्या ठिकाणचा बघायचा

कोकण आणि मराठवाडा या दोन्हींचा जिल्हावार अंदाज भारतीय हवामान विभागाच्या मुंबईतल्या प्रादेशिक केंद्रातून निघतो. म्हणजे तुम्ही परभणी किंवा बीडचा पाऊस ज्या पत्रकात बघता, त्याच पत्रकात वरच्या ओळींत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड असतात. पुढच्या पाच दिवसांचे इशारे जिल्ह्याच्या नावासमोर दिलेले असतात. दोन-चार आठवड्यांचा ढोबळ कल दर गुरुवारी येतो, तो सुट्टी टाकण्यापुरता वापरा. त्यावरून अमुक तारखेला पाऊस आहे की नाही हे ठरवू नका.

फोनमध्ये आपसूक दिसणारं हवामानाचं पान चालतं का? तापमानापुरतं चालतं. इशारा मात्र हवामान विभागाचाच बघा.

आता इथले सापळे.

पहिला सापळा जिल्ह्याच्या नावाचा. रत्नागिरी जिल्हा म्हणजे एक हवामान नाही. चिपळूण आणि खेड ही गावं आत, डोंगरांच्या खोलग्यात आहेत. तिथं दुपारी किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंश सहज जास्त असतात. हर्णै, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला, अलिबाग ही किनाऱ्यावरची हवामान केंद्रं आहेत. तुमचा मुक्काम समुद्राकाठी असेल तर यांतल्या जवळच्या केंद्राची नोंद बघा. भाऊ चिपळूणला नोकरीला असेल तर गुहागरचा आकडा बघून निघू नका.

दुसरा सापळा जुन्या मेसेजचा. दरवर्षी मे महिन्यात "कोकणात रेड अलर्ट, जाऊ नका" असले फॉरवर्ड फिरतात. त्यांतले बरेच आधीच्या वर्षीचे असतात. पत्रकावर दिनांक आणि वेळ नसेल तर ते पत्रक नाहीच असं समजा.

तिसरा, वेळेचा. हवामान केंद्राच्या नोंदी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या असतात. पावसाचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा. सकाळी बघितलेला "काल ४० मिलिमीटर" हा आकडा अर्धा परवा रात्रीचाही असू शकतो.

३. कमाल तापमान बाजूला ठेवा, आर्द्रता बघा

इथं जरा थांबून समजून घ्या, कारण आपल्या माणसांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

आपल्याकडं मे महिन्यात दुपारी हवा कोरडी ठक्क असते. आर्द्रता पंधरा-वीस टक्के. घाम आला की क्षणात उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून बेचाळीस अंशांतही लिंबाच्या सावलीत बसलं की जीवाला बरं वाटतं. किनाऱ्यावर दुपारी आर्द्रता साठ-सत्तर टक्के असते. हवेतच एवढं पाणी असल्यावर घाम जाणार कुठं? तो अंगावरच राहतो, वाहतो, कपडे भिजवतो, पण अंग थंड करत नाही. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला जाणवणारी उष्णता साधारण ४३ अंशांच्या घरात जाते. ४१ अंश आणि २० टक्के असेल तर ती ४१ च्याच आसपास राहते. फोनवर "जाणवणारं तापमान" म्हणून जो आकडा येतो तो हाच. नांदेड आणि मालवण यांची तुलना करायची तर त्या आकड्यांची करा.

त्याहून चांगला आकडा म्हणजे दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होईल, तो अंश. आर्द्रतेची टक्केवारी सकाळी चढते, दुपारी उतरते आणि माणसाला गोंधळात टाकते. दवबिंदू दिवसभर जवळपास तेवढाच राहतो. २० च्या खाली असेल तर हवा सुखाची. २४ च्या वर गेला की चिकचिक सुरू. आपल्याकडं मेच्या कोरड्या दुपारी तो दहाच्या आसपास असू शकतो. ३३ अंश आणि ७० टक्क्यांच्या किनाऱ्यावर तो २६ च्या पुढं जातो. कुठल्याही बऱ्या हवामान अ‍ॅपमध्ये हा आकडा खाली कोपऱ्यात दिलेला असतो.

एक चूक टाळा. सकाळची ९० टक्के आर्द्रता आणि दुपारचे ३४ अंश एकत्र धरून घाबरू नका. ते दोन्ही एकाच वेळी नसतात. दुपारच्या तापमानाला दुपारचीच आर्द्रता लावा.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर घरच्या वस्तूंकडं बघा. गावाकडून नेलेल्या उडदाच्या पापडांचा डबा रात्री उघडा राहिला तर सकाळी पापड असे मऊ पडतात की दुमडला तरी मोडत नाही. मिठाच्या बरणीत तळाला पाणी सुटतं. आपल्याकडं जीन्स दोरीवर तासाभरात खडखडीत वाळते. तिथं सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळी हाताला गारच लागतो. म्हणून कपड्यांचे जादा जोड लागतात.

यावरून खोली घेतानाचं एक ठरवा. मालक फोनवर "कूलर आहे" म्हणाला तर त्याचे पैसे मोजू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो, म्हणून तो परभणीत जीव वाचवतो. किनाऱ्याच्या दमट हवेत वाफ होत नाही, उलट खोलीत ओलावा वाढून अंथरूण ओलसर लागतं. तिथं चांगला पंखा आणि समोरासमोर खिडक्या, नाहीतर सरळ एसी. एसी हवेतला ओलावा काढून टाकतो, म्हणून तिथं त्याचा उपयोग तापमानाच्या आकड्यापेक्षा जास्त जाणवतो. बरोबर म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर मेमध्ये एसीसाठी मी तरी पैसे वाचवणार नाही.

४. वाऱ्याचा बाण बघा

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते पुस्तकाबाहेर बघायचे असतील तर किनाऱ्यावर चार दिवस राहा. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र तापत नाही, म्हणून समुद्राकडून जमिनीकडं खारं वारं सुटतं. रात्री उलटं, जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारं.

याचा रोजच्या दिवसावर परिणाम असा. आपल्याकडं ऊन तीन-चारला सर्वांत कडक असतं. किनाऱ्यावर खारं वारं साधारण अकरा-बाराच्या सुमाराला जोर धरू लागतं, त्यामुळं पारा बहुधा दुपारी बारा-एकलाच टोकाला पोचतो आणि नंतर थोडा उतरतो. सगळ्यात कोंडल्यासारखं होतं ते सकाळी नऊ ते बारा, वारा पडलेला असताना. आपली मंडळी "सकाळी सकाळी किल्ला करून घेऊ" म्हणून नऊला निघतात आणि नेमकी त्याच वेळेत चढतात. चढ असेल तर सातच्या आत पायथ्याशी असा.

अंदाजात वाऱ्याची दिशा बघा. पश्चिम किंवा वायव्य लिहिलं असेल तर दिवस नेहमीसारखा. पूर्व किंवा ईशान्य असेल आणि दुपारपर्यंत तसंच दाखवत असेल, तर खारं वारं उशिरा येणार आणि पारा तीन-चार अंश वर जाणार. मार्चमध्ये हे जास्त, एप्रिलमध्येही अधूनमधून होतं. बाण दक्षिण-नैऋत्येकडून येऊ लागले आणि वेग वाढत गेला तर पाऊस जवळ येतोय.

रात्रीचं काय? मेमध्ये मतलई वारं क्षीण असतं. रात्री पारा २६-२७ च्या खाली फारसा उतरत नाही आणि हवा हलत नाही. गच्चीवर अंथरूण टाकून झोपायची आपली सवय तिथं चालत नाही. पहाटे चादर दमट होते आणि डास वेगळेच. खोलीची खिडकी पश्चिमेला आहे का, हे आधी विचारून घ्या.

५. इशाऱ्याचा रंग आणि त्यामागचं कारण

रंग चार: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण नुसता रंग बघून काही कळत नाही, कशासाठी दिलाय ते वाचा. एप्रिलमध्ये रायगडला पिवळा असेल तर तो बहुधा "उष्ण व दमट हवामाना"साठी असतो. मेअखेरीस सिंधुदुर्गला तोच पिवळा विजांसह पावसासाठी. एकात सकाळी लवकर फिरून यायचं, दुसऱ्यात दुपारनंतर उघड्यावर राहायचं नाही.

उष्णतेच्या लाटेचा निकष किनाऱ्यावर वेगळा आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत असतं. मैदानी भागात पारा किमान ४० असावा लागतो. किनारपट्टीवर ३७ पुरतो, आणि दोन्हीकडं तो सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी वर हवा. म्हणजे "रत्नागिरीत उष्णतेची लाट, पारा ३८" ही बातमी वाचून आपल्या माणसानं "अडतीसच ना" म्हणून सोडून देऊ नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्या दहाहून अधिक माणसांचा उष्माघातानं मृत्यू झाला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता. आपल्याकडं एवढ्या तापमानात लग्नाच्या पंगती बसतात.

पावसाचे शब्दही मोजून वापरलेले असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जास्तीत जास्त चौथाई भागात, "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊणपर्यंत. "मुसळधार" म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. तुरळक ठिकाणी हलक्या सरी एवढंच लिहिलं असेल तर सहल रद्द करू नका, छत्री घ्या.

६. समुद्राचा अंदाज वेगळा असतो, तो वेगळाच बघा

आभाळ निरभ्र, वारा मंद, ऊन छान. म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही. आपल्याकडं तलाव-धरणाचं पाणी बघून मोठी झालेली माणसं इथं हमखास चुकतात. दूर दक्षिणेकडं हिंदी महासागरात वादळ झालं तर तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. इथल्या आभाळात त्याची कसलीही खूण नसते. मी नोकरीला असताना अशाच एका स्वच्छ सकाळी मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. जाळं विणत बसलेल्या एका काकांनी मान वर न करता सांगितलं, "मास्तर, आज पोरांना उतरवू नका. पाणी खेचतंय." पाण्याकडं बघून मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. आम्ही वाळूवरच खेळलो.

जे त्या काकांना नजरेनं कळतं, ते आपल्याला हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या अंदाजातून कळतं. लाटांची उंची, दुरून येणाऱ्या लाटांची उंची आणि दोन लाटांमधला वेळ तिथं रोज मिळतो. उंच लाटांचे इशारेही तिथूनच निघतात. मी पाळलेला नियम सांगतो: लाटा एक मीटरच्या आत असतील तर मुलांना घोट्या-गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडायचं, दीड मीटरच्या वर असतील तर वाळूवरूनच समुद्र बघायचा. दोन लाटांमधला वेळ बारा-चौदा सेकंदांच्या वर गेला असेल तर उंची कमी दिसली तरी सावध राहायचं, कारण अशी लाट किनाऱ्यावर फार आतपर्यंत चढते आणि परतताना तेवढ्याच ताकदीनं ओढते.

भरती-ओहोटीसाठी पंचांग काढा. कोकणातली जुनी माणसं तिथीला पाऊणनं गुणतात आणि भरतीची वेळ काढतात. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार: पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर वेळ जरा अलीकडं सरकते, म्हणून अर्धा-पाऊण तास मागंपुढं धरा. रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढउतार कमी. होडीत बसायचं किंवा नेमकी वेळ लागणार असेल तर छापील कोष्टक बघा, पण संध्याकाळी वाळूवर जायचं का, एवढं ठरवायला तिथी पुरते.

समुद्रावरचे ठरलेले सापळे तीन:

पहिला, गाडी वाळूवर घालणं. ओहोटीला वाळू घट्ट लागते, भरतीला तीच गाडी चाकापर्यंत रुतते आणि पाणी यायला लागतं. असे प्रसंग दर सुट्टीत होतात. गाडी रस्त्यावर ठेवा.

दुसरा, ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरणं. पाणी लांब गेलंय, उथळ दिसतंय म्हणून माणसं आत आत जातात. त्याच वेळी पाण्याची ओढ समुद्राकडं असते.

तिसरा सर्वांत वाईट. किनाऱ्यावर लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा असा दिसतो जिथं लाट फुटतच नाही, पाणी गुळगुळीत, थोडं गढूळ. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरानं आत परत जात असतं. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा होतात. तिथले फलक आणि जीवरक्षकांची शिट्टी यांच्याशी वाद घालू नका. पोहता येतं म्हणणाऱ्या तरुण पोरांवर म्हाताऱ्यांपेक्षा जास्त लक्ष ठेवा. विहिरीत शिकलेलं पोहणं इथं पुरत नाही.

७. अरबी समुद्रात कमी दाब झाला तर

मे-जून हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा एक हंगाम आहे. 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं आणि रायगड, दापोली, मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये कोकणाच्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत शिरलं; वादळाचा मध्य समुद्रातच होता, तरी सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत नुकसान झालं. म्हणून "ते तर गुजरातकडं चाललंय" हे ऐकून निर्धास्त राहू नका.

बातमीत "अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र" हे शब्द आले की सकाळ-संध्याकाळ दोनदा पत्रक बघा. वादळाची पूर्वसूचना साधारण तीन दिवस आधी मिळते, म्हणजे परतायला वेळ असतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असं गावात कुणी म्हणालं तर होडीचं तिकीट काढलेलं असलं तरी सोडून द्या. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, आणि कुठल्याही तातडीला ११२.

८. अंग सवय करून घेईपर्यंत

कोरड्या उन्हातून दमट हवेत गेलेल्या शरीराला सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. चार दिवसांच्या सहलीत ती होतच नाही, तेव्हा पहिल्या दिवशी कार्यक्रम ठेवूच नका. नोकरीवर नव्यानं रुजू होणाऱ्यांनीही पहिला आठवडा दुपारची पायपीट टाळावी.

पाणी तहान लागायच्या आधी प्या, आणि नुसतं पाणी पिऊ नका. घामातून मीठ जातं. कोकम सरबत मीठ घालून, कैरीचं पन्हं, शहाळं, ताक, काहीही चालतं. पायात गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळणं ही पहिली खूण. लगेच सावलीत पंख्याखाली बसवून ओआरएस द्या.

उष्माघाताबाबत एक समज आपल्याकडं पक्का आहे: अंग कोरडं पडलं, घाम थांबला तरच ऊन लागलं. दमट हवेत अंग घामानं भिजलेलं असतानाही उष्माघात होऊ शकतो. घामाकडं बघू नका, बोलण्याकडं बघा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, ओळख विसरला, की १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी टाका, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा थंड पाण्याची पिशवी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

९. घाट उतरताना आणि चढताना

लातूर, नांदेड, धाराशिवकडून रत्नागिरीला जाणारे बहुतेक जण सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाटानं उतरतात. सिंधुदुर्गाला गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली, चिपळूणला कुंभार्ली. मेच्या मध्यानंतर वळवाचा ढग बहुधा दुपारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर तयार होतो. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना घाटात मुसळधार आणि समोरचं न दिसणारं धुकं असू शकतं, म्हणून घाटाचा अंदाज किनाऱ्याच्या गावावरून काढू नका. कोल्हापूर किंवा सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो, तो बघा.

उतरताना सकाळी अकराच्या आत घाट पार करा. परतताना पहाटे निघा. दुपारी निघणं भागच असेल तर साखरप्याला थांबून दामिनी उघडा. ते आपल्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळातल्या विजा दाखवतं. वर्तुळात विजा दिसत असतील तर चहा घ्या, मुलांना खाऊ घाला. वळीव तास-दीड तासात पुढं सरकतो, मग गाडी काढा.